बिसरामची जागा

माझ्या सासूबाई, धुरपताबाई, मोहाची दारू गाळायच्या, आणि हंड्याचं तोंड लिंपायचं काम त्या कोणाच्या हाती देत नसत. मोहाच्या मुलखातल्या प्रतापगडच्या जंगलाकडे नाल्याच्या काठी आमची चूल होती. हंड्यात भिजवलेली मोहफुलं, त्यावर उपडं मडकं, मडक्यातून निघालेली बांबूची नळी. सांध्यावर वारुळाची माती कोंडा घालून लिंपायची, म्हणजे वाफ नळीतूनच जाते आणि गार होऊन थेंब थेंब गळते.

पण सासूबाई सांधा पुरता लिंपत नसत. बोटाएवढी जागा उघडी ठेवत आणि म्हणत, ही बिसरामची.

बिसराम त्यांचा थोरला मुलगा, माझा पहिला नवरा. तो तापानं गेला. वर्षभरानं धाकट्या दिराशी, यादोरावशी, माझा पाट लावला. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. यादोराव हसरा होता. बिसराम बांधावरून शीळ घालायचा, आणि ती कानावर पडली की हातातलं टाकून मी ताट वाढायला धावायचे. उशीर झाला तर पाठीवर वळ उठायचे. तो गेला तेव्हा मी लोकांदेखत रडले आणि त्या रात्री गाढ झोपले.

त्या उघड्या जागेतून वाफ निघाली की तीच शीळ वाजायची. यादोराव म्हणायचा, वाफ आहे, वेडी आहेस का. असेन. पण पुढे ती घरीही ऐकू यायला लागली, भात शिजताना, विहिरीवर घागर भरताना. मला पाचवा महिना होता. पोटात पोर हललं की शीळ यायची. तो माझं पोर घेऊन जाणार, हे माझ्या मनानं पक्कं घेतलं.

बावन्न सालच्या वैशाखात सासूबाईंची कंबर धरली आणि लिंपायचं काम माझ्याकडे आलं. बाजेवरून त्यांनी एवढंच बजावलं, "नंदा, समदं लिंप, पन बिसरामची जागा ठेव."

मी मान डोलावली.

यादोराव पलीकडे लाकडं फोडत होता. मी लिंपत गेले आणि बोटाएवढी जागा उरली तशी थांबले. मग मातीचा गोळा घेऊन ती बुजवली. वरून आणखी दोन थर दिले आणि मडक्यावर दगड ठेवला. एखाद्याला दुसऱ्यांदा पुरावं तसं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

जाळ लागला. शीळ नाही. कित्येक महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला. नळीतून थोडे थेंब पडले आणि थांबले. आज शीळ कशी नाही, असं यादोरावनं विचारलं. माती ओली आहे, मी म्हटलं. आयुष्यात त्याच्याशी मी तेवढंच एक खोटं बोलले. जाळ कमी पडला असेल म्हणून तो फुंकायला वाकला. मी पाणी आणायला नाल्यात उतरले होते, तेव्हा वर हंडा फुटला.

तीन दिवस तो केळीच्या पानांवर पडून होता. चेहरा ओळखू येत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहावं झाल्यावर मी सासूबाईंसमोर बसले आणि सांगितलं, जागा मी बुजवली. त्या मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ते जागा बिसरामची नव्हतीच," त्या म्हणाल्या. "नळीत फुलं अडकली का वाफेले वाट पाहिजे. पोरायले किती सांगतलं, पन दारू वाया जाते म्हनून बुजवून टाकत. बिसराम गेला, मंग त्याचं नाव देल्लं. यादोनं पुन्हा हात नाही लावला. वाटलं, मेलेल्याची जागा कोनी बुजवत नाही."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांना वाटलं, माझ्याकडून चुकून झालं. त्यांनी दुसऱ्या कोणाचंही नाव दिलं असतं, तर ती जागा मी जिवापाड जपली असती. हे मी त्यांना सांगू शकले नाही, आणि हातही सोडवून घेतला नाही.