वहिनी, हळू

जाऊबाई तिच्या नवऱ्याच्या गालावरून वस्तरा फिरवत होत्या आणि तोंडाचा पट्टाही चालू होता. मान सरळ धरायला काय होतं माणसाला, दाढी आहे का काटेरी कुंपण, वगैरे. ती कामावरून येऊन दारातच थबकली. आजारी माणसाशी असं बोलतात का, हे तिच्या रोज अगदी जिभेवर यायचं आणि रोज ती ते गिळायची. दिवसभर ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत उभी असायची, तेव्हा त्याला कूस बदलून देणारं दुसरं होतंच कोण?

झटका आला तेव्हा त्याचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पायात थोडी ताकद आली. वाचा काही परतली नाही. जन्मभर भरल्या बसमध्ये ‘पुढे सरका’ म्हणून ओरडलेला कंडक्टर आता डोळ्यांनी पाणी मागायचा. चर्चचे पाळक येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. मंडळीने उपास धरले. ती स्वतः पहाटे गुडघे टेकून प्रभूकडे एकच मागायची, यांच्या तोंडून माझं नाव तेवढं येऊ दे, म्हणजे तू या घरात आहेस हे मला कळेल. मग हळूहळू गुडघे टेकणंही राहून गेलं. ती देवावर रुसली नव्हती, थकली होती. उत्तरच येत नाही म्हटल्यावर माणूस किती बोलणार?

जाऊबाई मात्र यायच्या. थोरले दीर गेल्यापासून त्या एकट्याच असत. दुखऱ्या गुडघ्यांपायी जिन्याला शिव्या घालत वर चढायच्या, त्याला उठवून बसवायच्या, त्याची पाठ पुसायच्या. प्रार्थनेचं विचारलं, तर म्हणायच्या, माझा आवाज देवाला सोसायचा नाही.

वस्तरा हनुवटीखाली आला. त्याचा चेहरा आक्रसला, ओठ वेडेवाकडे हलले.

“व... वहिनी,” तो म्हणाला. “हळू.”

जाऊबाईंचा हात जागच्या जागी थांबला. “भावजी, काय म्हणालात?”

“हळू,” तो पुन्हा म्हणाला, थोडा वैतागून.

ती उंबऱ्यावरच बसली. खरं सांगायचं तर आधी तिला टोचलं. माझं नाव नाही, हिला हाक! मग हसू आलं, आणि हसता हसता रडू कधी आलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. उरलेली दाढी जाऊबाईंनी पुरी केली, अगदी हळू. ती त्यांच्या बोटांच्या सुजलेल्या सांध्यांकडे बघत राहिली. रोज हेच हात आले होते आणि ती मात्र, तू कुठे आहेस, म्हणून पहाटे देवाला विचारत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या संध्याकाळी जाऊबाईंना तिने प्रथमच जेवूनच जा म्हटलं, आणि जेवणाआधी प्रार्थनेला मान खाली घातली तेव्हा शब्द आपसूक आले.

पुढे एका रविवारी दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उपासनेला नेलं. कुणाला आभार मानायचे आहेत का, पाळकांनी विचारलं. पूर्वी तो देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उभा राहिला की लोक चोरून घड्याळं बघायचे. आज पुढचा बाक धरून तो उठला, तेव्हा कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. त्याला खाली बसवायला तिने सदरा ओढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याचे ओठ किती वेळ हलत राहिले. कपाळावर घाम आला.

“आहे,” तो म्हणाला. “तो आहे.”

त्याला आणखी बरंच सांगायचं होतं. बाकीचं आलं नाही. मग तो खाली बसला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याने मांडीवर नीट ठेवला.