दुहेरी घडी

"आता या वयात कोणाला दाखवायचंय?" वन्सं म्हणाल्या, आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा तो पारदर्शक गोळा त्यांनी एका बोटाने मागे ढकलला. कोणीतरी उष्टी ताटली पुढ्यात सरकवावी, तसं तोंड केलं होतं.

"मला," मी म्हटलं.

खोलीत आम्ही चौघं होतो. डॉक्टर, मी, आमचे हे आणि ह्यांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं. वन्संना कोणी बोलावलं नव्हतं. पण आमच्या घरात कोणी शिंकलं तरी त्या रुमाल घेऊन हजर असतात, आणि रुमाल देऊन झाल्यावर शिंकलात का म्हणून झाडतातही.

गाठ माझ्या उजव्या छातीत होती. ती काढायची म्हणजे सगळी छातीच काढायची, हे आधीच ठरलं होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. जे नासलंय ते काढा. आजचा प्रश्न पुढचा होता. डॉक्टर म्हणत होते की त्याच ऑपरेशनमध्ये, त्याच भुलीत, मोकळ्या झालेल्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवता येईल. शुद्धीवर याल तेव्हा जागा रिकामी नसेल. धोकेही सांगितले त्यांनी. जंतुसंसर्ग होऊ शकतो, जखम भरायला वेळ लागू शकतो, क्वचित बसवलेलं परत काढावंही लागतं. हे सगळं ते ह्यांच्याकडे बघून सांगत होते. हे वन्संकडे बघत होते. आणि वन्सं भिंतीकडे.

"जीव वाचतोय ना? मग झालं तर," वन्सं म्हणाल्या. "अंगात परकी वस्तू घुसवून घ्यायची काय हौस ही! नटण्यामुरडण्याचे दिवस आहेत का आता? यंदा माझ्या मुलाचं लग्न करायचंय. बाळू, तू बोल की काहीतरी!"

बाळू म्हणजे आमचे हे. डोक्यावरचे केस गेले, गुडघे गेले, तरी बाळूच. बाळूंनी नेहमीसारखी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. मग खाकरून म्हणाले, "ताई म्हणते त्यात तथ्य आहे."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पस्तीस वर्षं या माणसाच्या शेजारी झोपले, आणि माझ्या छातीचं तथ्य ह्याला बहिणीकडून कळावं?

"डॉक्टर, ऑपरेशन कोणाचं आहे?" मी विचारलं.

"तुमचं."

"मग इकडे बघून बोला."

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. माणूस वाईट नव्हता, सवय वाईट होती.

आता माझा हट्ट कशासाठी होता, ते सांगते. मी युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कापणी करते. इस्पितळातले कोट, हॉटेलातल्या बायकांचे ड्रेस, शाळेच्या शिपायांचे शर्ट, सगळं माझ्या कात्रीखालून जातं. म्हणून मला सगळे मास्तरीण म्हणतात. नवीन आलेल्या मुलींना वाटतं, मी शाळेत शिकवत होते. बायकांचा कोणताही नवा नमुना शिवला की तो आधी माझ्या अंगावर चढवून बघायचा, हा आमच्याकडचा जुना रिवाज. खांद्यात बसला, छातीत बसला, की झाला पास. त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा आणि वर लिहायचं 'मीडियम'. मीडियम म्हणजे मी. सासरी मी कशातच कधी नीट बसले नाही. उंचीत कमी, रंगात कमी, बोलण्यात जास्त. कारखान्यात मात्र सगळं माझ्यावर बसायचं. शहरात कुठेही जा, रस्त्याने जाणाऱ्या निम्म्या नर्सांच्या अंगावर माझं माप चाललेलं असायचं, आणि मला ते बघून आनंद व्हायचा. हो, व्हायचा! दुसऱ्या कशात व्हावा असं मिळालं तरी काय होतं मला?

ते मला जायला नको होतं. एवढंच. पण एवढं वन्संना सांगायला मी बांधलेली नव्हते.

डॉक्टरांनी वेगवेगळ्या आकाराचे गोळे पुढे मांडले. मी एकेक हातात घेऊन तोलला. ते म्हणाले, "हा घेऊ या. किंचित लहान आहे, पण कातडीवर ताण येणार नाही."

"लहान कशाला? डावीला जुळायला हवा."

"अगदी तंतोतंत जुळणार नाही."

"अहो, आम्ही पुढचा भाग कापताना कापड दुहेरी घडी घालून कापतो. फर्मा अर्धाच असतो. एक बाजू कापली की दुसरी आपोआप सारखीच निघते. सगळं कामच त्यावर चालतं. मला एक बाजू लहान करून कशी चालेल?"

"कातडी म्हणजे कापड नव्हे," डॉक्टर म्हणाले.

"ते मला कळतं. तरी मोठाच बसवा."

त्यांनी श्वास सोडला. "बघतो. आत गेल्यावर कातडीने साथ दिली, तर तुमच्या मनासारखं करू."

दारातून बाहेर पडताना वन्सं ह्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बघ, हट्ट! आता भोगा." मला ऐकू यावं इतक्या हळू.

ऑपरेशन झालं. जाग आली तेव्हा पहिलं काही केलं असेल तर हात छातीवर नेला. पट्ट्या, नळ्या, एक बाटली, आणि त्या सगळ्याखाली उंचवटा. होता! मी रडले. नर्स धावत आली, तिला वाटलं दुखतंय. दुखत होतंच, पण रडत होते ते आनंदाने, आणि तिला सांगितलं तर ती हसली. तिच्या अंगावर आमच्याच कारखान्याचा कोट होता, मीडियम. म्हटलं, बाई गं, आपण दोघी एका मापाच्या.

डॉक्टरांनी मोठाच बसवला होता, आणि काही दिवस मी मजेत होते. आरशासमोर उभी राहून गाऊन ओढून बघायची. डावी बाजू जराशी खाली, उजवी ताठ, नव्या नोकरीवर लागल्यासारखी. पण बरं दिसत होतं. हे खोलीत आले की नजर दाराच्या कडीवर ठेवायचे. एकदा मी म्हटलं, "बघा तरी." तर म्हणाले, "जखम आहे, वारा लागेल." वारा! जन्मभर ह्यांना वाऱ्याचीच भीती.

मग टाक्यांच्या कडेला कातडी काळसर झाली. ताप आला. छाती लालबुंद, हात लावू देईना. इस्पितळात भरती, सलाइन, औषधांवर औषधं, काही उपयोग झाला नाही. डॉक्टर सकाळी आले, या वेळी सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "काढावं लागेल."

"मोठा बसवला म्हणून झालं?"

"ताणामुळे असेल, नसेलही. लहान बसवूनही काही जणींना होतं. काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करता येईल, किंवा पाठीचं मांस घेऊनही करता येतं. ते तेव्हा बघू."

काढलं. आता हात नेला तर खाली बरगड्याच लागल्या. त्या दिवशी मी रडले नाही, फार संताप आला होता.

वन्सं भेटायला आल्या. फळांची पिशवी टेबलावर ठेवली, पदरच्या शहाणपणाची माझ्या उशाशी. "मी सांगत होते," म्हणाल्या. "सांगत होते की नाही? पण माझं ऐकतंय कोण!" हे खिडकीत उभे. मान हलवत होते, हो की नाही ते पंख्याच्या वाऱ्यात कळत नव्हतं.

"वन्सं," मी म्हटलं, "मला उद्या पुन्हा विचारलं ना, तर मी पुन्हा हेच सांगेन. या आता तुम्ही."

नाकाला मिरच्या झोंबल्यासारख्या त्या उठल्या. जाताना फळांची पिशवीही घेऊन गेल्या.

ताकद आल्यावर कारखान्यात गेले. मला वाटलं, मुली गळ्यात पडतील, रडारड होईल. काजवालीने वर बघितलं. ही आमच्याकडे काज-बटणं करते, तिचं नावच काजवाली पडलंय, आणि तिचं आणि माझं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

"आलीस? बरं झालं. तुझी कात्री बोथट करून ठेवलीय सगळ्यांनी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि ऐक, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. आता नमुने माझ्या अंगावर बघतात. मीडियम मी आहे."

"तू? तुझे खांदे बघितलेस का कधी? हॅंगरला लाजवतील!"

"असू देत. दोन्हीकडे सारखे आहेत."

शिवणयंत्रं थांबली. ती जे बोलून गेली ते तिला बोलल्यावर कळलं असावं, तिचे कान तांबडे झाले.  पण खरं सांगते, आठवडेच्या आठवडे सगळे माझ्याशी शब्द कापसात गुंडाळून बोलत होते, त्यात हेच एक सरळ वाक्य होतं. मी कात्री उचलली आणि धार लावायला बसले.

वन्संच्या मुलाचं लग्न जवळ आलं. लग्नात घालायच्या माझ्या ड्रेससाठी मी गडद निळं कापड आणलं होतं. दुपारच्या सुट्टीत कारखान्यातच कापून घ्यायचं ठरवलं. कापड टेबलावर पसरलं, सवयीने दुहेरी घडी घातली, कड कडेला जुळवली, वर माझा जुना फर्मा ठेवला. खडू हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. घडी घालून कापायचं तर दोन्ही बाजू सारख्या निघणार. मी सारखी नव्हते.

तेवढ्यात दारात वन्सं. मागे हे, गाडीची किल्ली हातात खेळवत. वन्संनी पर्समधून कापडाची एक उशी काढली, वाटीएवढी, फोमची, गुलाबी.

"हे घे. मुद्दाम करून आणलीय. लग्नात आत घाल," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "चार लोक येणार, फोटो निघणार, मुलीकडची माणसं. एका बाजूने सपाट बरं दिसेल का?"

मी उशीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"वन्सं, मला हवं होतं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? कोणाला दाखवायचंय म्हणून. आता कोणाला दाखवायचंय?"

"अगं, तेव्हाची गोष्ट वेगळी..."

"वेगळी कशी? तेव्हा मला दिसणार होतं, ते फुकट. आता लोकांना दिसणार, तर लगेच उशी! छाती माझी, आजार माझा, आणि लाज तुमची? न्या ती परत."

"बाळू, ऐकतोयस ना काय बोलतेय ही?"

बाळूंनी तोंड उघडलं. "अगं, ताई म्हणते..."

"अहो," मी म्हटलं, "या कापडाचं टोक धरता? नसेल धरायचं तर बाहेर उभे राहा. पण ताई काय म्हणते ते मला पुन्हा सांगू नका."

मी घडी उलगडली. कापड एकेरी, सबंध टेबलभर पसरलं आणि पलीकडून घसरायला लागलं. हे एक क्षण बहिणीकडे बघत राहिले. मग किल्ली खिशात घातली आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. चुरगळून, मुठीत, मूर्खासारखं.

"चुण्या पडतायत! सरळ धरा."

त्यांनी सरळ धरलं. मान वर केली. बऱ्याच महिन्यांनी ते माझ्या छातीकडे बघत होते. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या.  नजर हटवली नाही.

वन्संनी उशी टेबलावर आपटली. "करा काय करायचंय ते!" म्हणून त्या तरातरा गेल्या. यंत्राशी बसलेल्या काजवालीने हात लांब करून उशी ओढली, दाबून बघितली आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून तिच्यात खोचायला सुरुवात केली.

मी डावी बाजू जुन्या फर्म्यावर कापली, छातीला उभार द्यायला लागतो तो चिमटा धरून. उजव्या बाजूसाठी नवा पुठ्ठा घेतला. काजवाली उठून आली, टेप घेतला आणि न विचारता माझ्या अंगावर लावला. खांदा, काख, बरगडी. तिचा हात त्या सपाट जागेवरून गेला तेव्हा थांबला नाही. माप सांगितलं, मी पुठ्ठ्यावर आखलं. ना चिमटा, ना फुगवटा, सरळ उतरती रेघ. कापून दोन्ही भाग शेजारी ठेवले. एक भरलेला, एक सपाट.

दोन्ही फर्म्यांना भोक पाडून मी एका दोऱ्यात ओवले आणि भिंतीवर खिळा शोधू लागले. काजवाली खडू घेऊन मागे उभी.

"ह्यावर काय लिहू?"

"मीडियम."

"मीडियम मी आहे," ती म्हणाली.

"मग तुझ्या फर्म्यावर तुझं नाव लिही. ह्यावर मीडियम लिही."

तिने माझ्याकडे रागाने बघितलं. नाक मुरडलं. मग पुठ्ठा भिंतीशी टेकवून, आपल्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात तिने लिहिलं, 'मीडियम'. हे अजून कापडाचं टोक धरून उभे होते. ते सोडायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.