तिसरा फ्लास्क

भीमराजने ब्युरेटची तोटी बंद केली, फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवला आणि वाकून पाहिलं. निळा रंग अजून रेंगाळत होता. त्याने आणखी अर्धाच थेंब काचेच्या टोकाला येऊ दिला, तो फ्लास्कच्या कडेला टेकवला आणि वरून पाण्याने उतरवून घेतला. रंग गेला. आयोडीनचा रंग खोडणाऱ्या हायपोचा आकडा त्याने ब्युरेटवर दोनदा वाचला. आधीच्या फ्लास्कचाही हाच आकडा होता.

पिंपरीच्या त्या औषधांच्या कारखान्यात पेनिसिलिनची ताकद मोजायची ती अशीच. धडधाकट पेनिसिलिन आयोडीनला शिवत नाही. अल्कली घालून मोडलं, की मात्र आयोडीन पिऊ लागतं. म्हणून एकाच बाटलीतले दोन सारखे भाग घ्यायचे. एका भागातलं औषध मोडायचं, दुसरं तसंच राहू द्यायचं. दोन्हींत मोजून आयोडीन घालायचं आणि किती शिल्लक राहिलं ते हायपोच्या थेंबांनी काढायचं. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे औषध. इथे फरकच नव्हता. म्हणजे औषध नव्हतं.

ही बाटली कारखान्यातली नव्हती. सकाळी डब्यातल्या भाकरीखाली लपवून त्याने ती आत आणली होती.

बाटली कनीजची होती. खराळवाडीच्या पत्र्याच्या चाळीत भीमराजच्या समोरच शफी आणि वजीर हे दोघे भाऊ राहत. शफी भोसरीला एका कारखान्यात लेथवर होता, मोठा वजीर एका डॉक्टरकडे कंपाउंडर. उन्हाळ्याच्या तोंडी शफीच्या बायकोला, कनीजला, निमोनिया झाला. डॉक्टर गावाला गेलेला. वजीरने स्वतःच्या हाताने पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, आणि तरी ती गेली. चाळिसाव्याला माणसं जेवून उठत होती, तेव्हा शफीने ती अर्धी उरलेली बाटली आणून वजीरच्या पुढ्यात आपटली.

"पी हे पाणी! दवाखान्यातली लोकं म्हणतात ते खरं हाय. तू बाटल्यांत पाणी वाढवतोस."

"हिच्यात न्हाई वाढवलं, शफी. अल्लाची शपथ."

"पोलिसात मी जायचो न्हाई. सख्खा भाऊ हायस. पण पाणी निघालं तर तू मला मेलास. अम्मा न् शमीम तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायच्या न्हाईत."

त्यावर वजीरचा चेहरा उतरला. त्याची बायको लग्नानंतर वर्षभरात माहेरी गेली ती गेलीच. शफीची सहा वर्षांची शमीम सकाळ-संध्याकाळ त्याच्याच ताटात जेवायची, त्याच्या सायकलच्या नळीवर बसून शाळेला जायची. त्या पोरीवाचून त्याला दुसरं काही नव्हतं, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. म्हातारे आबाजी मध्ये पडले. म्हणाले, "भांडू नका रं. आपला भीमराज हाय की त्या कारखान्यात. दुधाचं दूध न् पाण्याचं पाणी करंल." दोन्ही भावांनी मान डोलावली. भीमराज म्हणेल ते खरं.

आणि आता भीमराजपुढे हे असं. तो स्टुलावर बसला. परवापर्यंत जो माणूस आपल्या पोरांच्या जखमा फुकटात बांधत होता, त्याला जाऊन काय सांगायचं? बसल्या बसल्या त्याने पुन्हा दोन्ही आकडे पाहिले आणि एकदम त्याच्या लक्षात आलं, की आपण घाई केली. दोन्हींत फरक नव्हता हे खरं. पण दोन्हींत हायपो लागलाच किती थोडा! मग घातलेलं आयोडीन गेलं कुठे?

त्याने तिसरा फ्लास्क घेतला. त्यात औषध नाही, नुसतं डिस्टिल्ड वॉटर. तेवढंच आयोडीन घातलं आणि तोटी सोडली. हायपो जात राहिला. पहिल्या दोन फ्लास्कांची खूण मागे पडली, तरी रंग हटेना. निळा रंग गेला तेव्हा ब्युरेट बरीच खाली उतरली होती. पाण्याने आयोडीनचा कणही प्यायला नव्हता. बाटलीतल्या औषधाने मात्र भरपूर प्यायलं होतं, न मोडताच. कारण ते आधीच मोडलेलं होतं. पत्र्याखालच्या उकाड्यात दीड महिना पडून ते आपसूक मेलं होतं. भीमराजने हिशेब मांडला. मेलेलं औषध मोजून मापून तेवढंच भरलं, जेवढं एका बाटलीत नेमकं पाणी घातल्यावर असायला हवं.

पहिली पाळी सुटली तेव्हा वजीर गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर उभाच होता. त्याने चहा सांगितला नव्हता. भीमराजला पाहून त्याने खिशातले हात बाहेर काढले.

"औषध होतं," भीमराज लांबूनच म्हणाला. "पुरं होतं. तू खरं बोललास."

वजीर बाकावर बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासत राहिला.

"पण इतके दिस झाले... खराब झालं आसंल ना? शफी म्हनंल, मेलेल्या बाटलीत तुला काय दिसलं?"

"नासलेलं दूध बघून कळतंच ना, की ते दूध होतं? पाणी कुठं नासतं? चल, आत्ताच्या आत्ता शफीला सांगतो. सगळ्या चाळीपुढं सांगतो."

भीमराजला फार आनंद झाला होता. त्याने दोन चहा सांगितले. वजीरने कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"पुरं हुतं म्हनतोस तू?"

"एक थेंब कमी नाही."

"मंग ती का गेली?"

"उशीर झाला होता, वजीर. आधी तीन दिवस..." भीमराज बोलता बोलता थांबला.

आधी तीन दिवस कनीज तापाने फणफणली होती आणि शफी रोज म्हणत होता, आज ओव्हरटाइम आहे, उद्या नेतो. हे चाळीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. वजीर त्या आठवड्यात आळंदीला डॉक्टरच्या दुसऱ्या दवाखान्यात होता. तो परतला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

"शफीला ठाव हाय ते," वजीर म्हणाला. "म्हनून तर ती बाटली छातीशी धरून बसला हुता. आता तू ती बी काढून घेनार."

"मग काय करू?"

"पानी हुतं म्हन."

"वेडा झालास? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"मी कुठला संन्याशी!" वजीर हसला. "डॉक्टर म्हनायचा, पानी सढळ हातानं घाल, गरीब मानसं हायत, समद्यांना पुरलं पायजे. पैशे मात्र पुऱ्याचे घ्यायचा. मी घालत हुतो. दोन वरसं घातलं. हिच्यात तेवढं न्हाई घातलं, घरचं मानूस म्हनून. बाकीच्या बाटल्या कुनी तपासल्या? त्यात कुनाची कनीज नसंल?"

भीमराजला वजीरचा राग आला, त्याहून जास्त कीव आली, आणि या दोन्हींचं काय करावं हेही कळेना.

"शमीम जाईल तुझी," तो शेवटी म्हणाला.

वजीरने कप खाली ठेवला. "व्हय," एवढंच म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला. सीटवर बसायचंही त्याला सुचलं नसावं.

भीमराज घरी आला, हातपाय धुतले, पुन्हा बाहेर आला. उभ्या आयुष्यात त्याने एकही आकडा फिरवला नव्हता. साहेबाने दरडावलं तरी नव्हता. शफीच्या दारात जाईपर्यंत त्याने ठरवलं होतं, की खरं तेच सांगायचं. खऱ्याला मरण नाही म्हणतात.

शफी भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर कारखान्याचाच तेलकट शर्ट. अम्मा चुलीपाशी होती आणि शमीम तिच्या मांडीवर पेंगत होती. भीमराजला पाहून शफी उठला नाही.

"पाणीच होतं ना?" त्याने विचारलं.

आवाजात राग असेल असं भीमराजला वाटलं होतं. राग मुळीच नव्हता. पोरगं आईला विचारतं, दिवा घालवणार नाहीस ना, तसा तो विचारत होता. त्याची बोटं आपल्याच शर्टाची कड घट्ट धरून होती.

"भीमराजभाऊ, पाणीच होतं ना?"

"हो," भीमराज म्हणाला. "पाणीच."

शफीने डोळे मिटले. छाती एकदा मोठी फुगली आणि खाली बसली. मग तो रडायला लागला. कनीजला नेलं त्या दिवशीही तो रडला नव्हता. अम्माने हातातली फुंकणी खाली ठेवली. तिचे दोन्ही मुलगे त्या एका शब्दात तोलले गेले होते आणि तिला ते कळलं होतं. ती पदर डोळ्यांवर ओढून तशीच बसून राहिली.

शफी डोळे पुसत उठला. फळीवरून त्याने हातोडी घेतली, डब्यातून मूठभर खिळे घेतले. दोन भावांच्या खोल्यांमध्ये एक दार होतं, अम्मासाठी पाडून घेतलेलं. कडी त्याला कधी लावलीच नव्हती, कारण कडी बसवलेलीच नव्हती. शफीने दार ओढून घेतलं आणि चौकटीवर आडवी पट्टी धरली.

"आता तिकडं जायचं न्हाई," तो शमीमला म्हणाला. ती दचकून जागी झाली होती. "का?" असं तिने विचारलं. शफीने खिळा टेकवला.

पहिल्या घावाला पातळ फळीचं दार मागे हललं आणि खिळा वाकला. शफीने तो उपटून टाकला, दुसरा लावला. पुन्हा दार पलीकडे झुललं, पट्टी सरकली, खिळा जमिनीवर पडला. भीमराजने पुढे होऊन पट्टी धरली, पण दारच जागेवर राहीना.

तिसरा खिळा शफीने टेकवला. त्याच वेळी पलीकडून, वजीरच्या खोलीतून, काही तरी दाराला लागलं, पाठ टेकावी तसं, आणि दार हलायचं थांबलं. भीमराजने शफीकडे पाहिलं. शफीचं लक्ष खिळ्याच्या डोक्यावर होतं. त्याने हातोडी उचलली आणि घाव घातला. या वेळी खिळा सरळ आत गेला.