शिट्टी झाली की आमेन

मी एक जुना कुकर आहे, आणि मित्रांनो, बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की मी या घराचा पाळक, म्हणजे चर्चमध्ये असतो तसा पाद्री, आहे.

हसू नका. आधी माझी बाजू ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे जन्मल्या जन्मल्या मला कोंडून, आतून दाब देऊन, मी फुटतो का ते पाहण्यात आलं. मी फुटलो नाही म्हणून मला पास केलं. ज्याचं बालपण असं गेलं, तो पुढे गंभीर स्वभावाचा होणारच. मग मला खोक्यात घातलं, खोक्याला चकचकीत कागद लावला आणि एका लग्नात भेट म्हणून दिलं. त्या लग्नात कुकर मोजावे लागतील इतके आले होते. त्यातले बाकीचे पुढे इतरांच्या लग्नांत फिरत राहिले. एक तर, म्हणे, फिरत फिरत पुन्हा याच घरी आला. मला मात्र नवरीने पहिल्याच दिवशी खोक्यातून काढलं, धुतलं आणि गॅसच्या चुलीवर ठेवलं. त्या उपकाराची फेड मी अजून करतो आहे.

नवरी बसस्थानकावर घोषणा करायची. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणणारा आवाज असतो ना, तो तिचा. मी तिला बाई म्हणतो. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. बाईंचा आवाज स्वच्छ आणि खणखणीत, तर लिफ्टवाल्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढणं. पुढे त्यांना मुलगी झाली. ती पाळण्यात असताना अशी काही रडायची की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तिचं नाव भोंगा ठेवलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. घरात तिला भोंगाच म्हणतात. तर आवाज करणारे आम्ही तिघं, मी, बाई आणि भोंगा. लिफ्टवाले ऐकायला.

आता मी पाळक कसा झालो ते सांगतो.

दोघांनाही सकाळी लवकर कामावर जावं लागे. दिवसातून एकदा तरी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचावं, मिळून प्रार्थना करावी, अशी बाईंची फार इच्छा. पण वेळ कुठून आणायचा? एकदा त्यांच्या लक्षात आलं की मी चुलीवर असतो तेवढा वेळ दोघंही स्वयंपाकघरात नुसती उभी असतात, माझ्याकडे बघत. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला. कुकर चढवला की वचन, वाफ धरली की प्रार्थना, शिट्टी झाली की आमेन.

‘‘आणि शिट्टी लवकर झाली तर?’’ लिफ्टवाल्यांनी जरा आशेने विचारलं.

‘‘तर देवाला वाटेल आज बटाटे कोवळे होते,’’ बाई म्हणाल्या.

वचन त्या वाचत, प्रार्थनाही त्याच करत. प्रार्थना म्हणजे घोषणाच. कोण कुठून निघालं आहे, कुठे पोचायचं आहे, कुणाला उशीर झाला आहे, सगळं प्रभूला नीट समजेल असं. पण त्यांच्या वाचण्यात एक गंमत होती. वाचलेलं त्या त्याच दिवशी वापरायच्या. उद्याची काळजी उद्यावर सोडा, असं वाचलं त्या दिवशी लिफ्टवाले, उद्या साहेब ओरडतील या भीतीने, अर्धवट जेवून निघत होते. बाईंनी त्यांना खांदा धरून खाली बसवलं. ‘‘साहेब उद्या ओरडणार आहेत ना? मग आजची पोळी आज खा.’’ हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचली तेव्हा भोंगा रुसून माळ्यावर जाऊन बसली होती, तर बाई शिडी लावून वर गेल्या आणि तिच्या शेजारी बसून राहिल्या. मेंढरू खाली यायला दुपार झाली.

आणि या सगळ्यावर शिक्कामोर्तब करायला मी. मी शिट्टी दिली की तिघंही ‘आमेन’ म्हणत. मला वाटायचं, मीच म्हणतो, ते फक्त री ओढतात.

एकदा खरे पाळकसाहेब घरी आले. बाईंनी प्रार्थनेचा मान त्यांना दिला. ते सुरुवातीच्या आभारांतून नुकते बाहेर पडून परदेशांसाठीच्या मागण्यांकडे वळत होते, इतक्यात मी शिट्टी दिली. सवयीने तिघंही ‘आमेन’ म्हणून ताटं घ्यायला उठले. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. परदेश तसेच राहिले. जाताना ते माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, ‘‘असा एक आमच्या चर्चच्या मंडळीत हवा होता. विशेषतः वडीलजन बोलायला उभे राहतात तेव्हा.’’ ती माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी स्तुती. त्या दिवशी मी हवेतच होतो. म्हणजे तसा मी रोजच वाफेवर असतो, पण तुम्हाला समजलं.

मग दिवस फिरले. बाईंचा आवाज बसू लागला. आधी सगळ्यांना वाटलं सर्दी आहे. मग बसस्थानकावर लोक विचारू लागले, नवीन बाई आल्या का? तपासात कळलं की गळ्यात गाठ आहे, काढावी लागेल. काढली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी होती, घाबरू नका, पण आवाज परत येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. पुष्कळ दिवस एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही.

बाई घरी आल्या आणि आमचं घर गप्प झालं. गळ्याला पट्टी बांधून त्या खिडकीशी बसत आणि शास्त्र मांडीवर न उघडता धरून ठेवत. ज्या बाईने गावभरच्या बसगाड्या वेळेवर सोडल्या, ती आता दुधवाल्यालाही बोटांनी सांगत होती. आवाज गेला तर नोकरी जाणार, हे तर होतंच. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट मी पाहत होतो. त्यांची हिंमत चालली होती. आणि घरात सगळ्यांना धीर देणारं जे कोणी होतं, ते त्या स्वतःच होत्या.

त्याच सुमारास, आता कमावत्या झालेल्या भोंगाने विजेचा कुकर आणला. तो शिट्टी देत नाही. काम झालं की एक छोटं गाणं वाजवतो. त्या गाण्याला कोणी आमेन म्हणेना. मला माळ्यावर ठेवलं, माझी शिट्टी काढून चमच्यांच्या खणात टाकली. माळ्यावर शेजारी एक तुटकी छत्री होती. आम्ही एकमेकांची ओळख करून घेतली नाही. खाली ना वचन, ना प्रार्थना. मी अंधारात विचार करत होतो, पाळकच नसल्यावर दुसरं काय होणार.

एका सकाळी वीज गेली. विजेचा कुकर गाणं सोडा, हूं की चूं करेना. लिफ्टवाले माळ्यावर चढले, मला खाली काढलं, पुसलं, बटाटे आणि पाणी घातलं, झाकण लावलं आणि चुलीवर चढवलं. सगळं बरोबर केलं. फक्त माझी शिट्टी बसवायला विसरले. लिफ्ट असती तर एक खिळाही विसरले नसते. पण मी लिफ्ट नव्हतो.

आणि मग गंमत झाली. मी चुलीवर चढलो आणि तिघंही न ठरवता येऊन टेबलाशी बसले. सवय हाडांत मुरलेली होती. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण का बसलो आहोत. कोणी कोणाकडे बघेना.

बाईंनी हळूच शास्त्र उघडलं, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि पुस्तक लिफ्टवाल्यांकडे सरकवलं.

‘‘मी?’’ ते म्हणाले.

‘‘नाही, छत्री वाचेल,’’ भोंगा म्हणाली. तिने माझ्यासोबत छत्रीही खाली आलेली पाहिली होती.

लिफ्टवाल्यांनी वाचलं. यंत्रावरची सूचना वाचावी तसं, एकेक शब्द दाबून पाहत. काय मागावं हे आपल्याला उमगत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी विनवणी करतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने, अशा अर्थाचं ते वचन होतं. तेव्हा माझ्या झाकणावरच्या उघड्या नळीतून वाफ नुसती फुसफुसत होती. शिट्टीविना मला दुसरं काही येत नव्हतं. खरं सांगतो, मला वाटलं ते वचन माझ्याविषयीच आहे.

वाचन झालं. आता प्रार्थना. बाईंनी थोडी वाट पाहिली. मंडळीत कोणी लिफ्टवाल्यांना ‘प्रार्थना करा’ म्हटलं की त्यांना एकदम पंखा तपासायची आठवण व्हायची, हे बाईंना माहीत होतं. त्या औषधासाठी उठल्या. चमचा घ्यायला खण उघडला, आणि चमच्यांत माझी शिट्टी. त्यांनी शिट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि ती बसवायला हात पुढे केला.

‘‘हे प्रभू,’’ मागून आवाज आला.

माझ्याकडे निघालेला हात अर्ध्यावर थांबला.

‘‘हे प्रभू, मी बोलतोय. नेहमी ही बोलते. हिला बोलायला मनाई आहे, तुला माहीतच असेल.’’ लिफ्टवाल्यांनी डोळे घट्ट मिटले होते. ‘‘आजच्या दिवसासाठी आभार. बटाट्यांसाठी आभार. गॅस आहे, त्यासाठी आभार.’’

त्यांचा साठा संपला. ते शिट्टीची वाट पाहू लागले. बाईंनी मूठ मिटली आणि शिट्टी तीत धरून त्या आवाज न करता आपल्या जागी येऊन बसल्या.

‘‘आमे...’’

‘‘पप्पा, शिट्टी झाली नाही अजून,’’ भोंगा म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी एक उसासा सोडला. ‘‘खालच्या शिंपीणबाईंच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करतो. दोन्ही. इस्पितळातल्या लिफ्टसाठी करतो. वरच्या मजल्याला ती झटका देते, स्ट्रेचरवरच्या माणसाला ते बरं नव्हे. माझ्या साहेबांना सद्बुद्धी दे. नाही, आधी झोप दे. बुद्धी सावकाश दिलीस तरी चालेल. पाळकसाहेबांचे परदेश राहिले होते, ते बघ.’’

शिट्टी होत नव्हती. भोंगाने एक डोळा उघडला. तिला आईची मूठ दिसली, मुठीतून डोकावणारी शिट्टी दिसली. ती काही बोलणार, तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. भोंगाने डोळा मिटला. जन्मात पहिल्यांदा ती सांगितल्याबरोबर गप्प बसली.

मग लिफ्टवाल्यांचा आवाज बदलला.

‘‘आता खरं सांगू का? लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं आधी ओरडतात. ओरडतात तोवर मला काही वाटत नाही, मी माझं काम करतो. ती गप्प झाली की मी पाना टाकून दारच ठोकायला लागतो. प्रभू, हे घर गप्प झालंय. आणि इथे कुठली तार ओढायची, मला कळत नाही. हिचा आवाज परत दे. मला फार भीती वाटते. आणि नसेल द्यायचा, तर मला बोलायला शिकव. म्हणजे ही या घरात एकटी पडणार नाही.’’

मी फुसफुसणंसुद्धा जवळजवळ थांबवलं होतं. भक्तिभावाने नव्हे. आतलं पाणी संपलं होतं.

‘‘आणि काहीतरी जळतंय,’’ लिफ्टवाले म्हणाले. ‘‘आमेन.’’

त्यांनी डोळे उघडले, उडी मारून गॅस बंद केला आणि माझ्या बोडक्या झाकणाकडे पाहिलं. मग बाईंकडे. बाईंनी मूठ उघडली.

‘‘केव्हापासून?’’

बाईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं, अगदी सुरुवातीपासून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे गदगदत होते. लिफ्टवाले घाबरले.

‘‘मम्मी रडत नाहीये, पप्पा, हसतेय,’’ भोंगा म्हणाली. ‘‘मम्मी, डॉक्टरांनी हसायलाही मनाई केलीय.’’

बाईंनी एका हाताने स्वतःचं तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा हात धरला. मग तिघांनी मिळून बटाटे खाल्ले, वरवरचे. तळाचे मला सोडायला तयार नव्हते. लोक म्हणतात ना, जीव भांड्यात पडला? त्या सकाळी तिघांचाही पडला. ते भांडं मी होतो.

माझं बूड काळं पडलं आणि माझा गैरसमजही तेव्हाच जळाला. मी एक शब्दही म्हटला नव्हता, तरी आमेन झालं होतं. उलट मी गप्प होतो म्हणूनच ते त्या माणसाच्या तोंडून निघालं. पाळकपद गेल्याचं मला दुःख झालं नाही. पगार नव्हताच.

त्यानंतर रोज सकाळी बाई वचनावर बोट ठेवत, लिफ्टवाले ते वाचत आणि प्रार्थना करत. कधी कधी प्रार्थनेत लिफ्टचे सुटे भाग यायचे. मधूनच बाई टेबलावर टिचकी मारत, म्हणजे हे पुन्हा म्हणा, मला धीर आला. पुढे त्यांचा आवाज आला, पण जरा खरखरीत. आता त्या ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणतात तेव्हा प्रवाशांना वाटतं बाई चिडल्या आहेत, आणि सगळे खरंच लक्ष देतात. बस चुकणाऱ्यांची संख्या घटली म्हणून स्थानकप्रमुख खूश आहेत. प्रार्थनेला आता दोघं आळीपाळीने असतात. लिफ्टवाल्यांची पाळी असली की भोंगाला उशीर होतो.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. कानाचा खिळा ढिला आहे, रबर पुन्हा बदलायला झालं आहे. तरी सकाळचा मान माझाच. विजेचा कुकर संध्याकाळी गाणं म्हणतो, आमचं काही वैर नाही. मी फार कृतज्ञ आहे. मला दाब देणाऱ्या कारखान्याचा, मला खोक्यातून काढणाऱ्या हातांचा, आणि ज्याने माझ्या फुसफुसण्यातूनही एका घराचं ऐकलं त्याचा.

तुमच्या घरातही एखादा असा असेल, ज्याच्या वाट्याचं दुसरंच कोणी बोलत आलं आहे. त्याला हसू नका, घाई करू नका, पुढचा शब्द सुचवू नका. एखाद्या सकाळी माझ्यासारख्याची शिट्टी मुठीत धरा आणि त्याच्याजवळ गप्प बसून राहा. फक्त पाणी जरा जास्त घाला.