पेटीचा खालचा कोपरा

"सोळा," फ्यूज म्हणाला. स्पीकरच्या पेटीच्या सॉकेटमधली मीटरची काडी काढून त्यानं पुन्हा घातली. काटा हट्टानं तिथंच गेला. "घुम्या, ही पेटी सोळा ओहमची झालीय. तुझ्या हेडला चारची लागते."

"चारचीच होती ती."

"होती. आतली जोडणी बदललीय कुणीतरी."

दोघांनी एकदमच खाटेकडं बघितलं. खाटेवर दादा होता, म्हणजे दादाचं जेवढं उरलं होतं तेवढं. उजवी बाजू आणि जीभ आजारानं नेली होती. कान त्याआधीच करवतीच्या मशीननं खाल्ले होते. राहिला होता डावा हात आणि दोन डोळे, आणि ते डोळे फ्यूजच्या हातांवरून हलत नव्हते.

घुम्या बेस गिटार वाजवायचा. तो आणि त्याचं वाद्य, दोघंही कमी बोलायचे आणि खालच्या आवाजात बोलायचे, म्हणून हे नाव पडलं. दादा सुतार. धाकट्याच्या वाद्यासाठी त्यानं तरुणपणी ही पेटी बनवली होती. छातीएवढी उंच, आत दोन मोठे स्पीकर, कोपऱ्यांना लोखंडी पत्रे. तिच्यावर ठेवायचं ते हेड म्हणजे काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्वचा अँप्लिफायर, उचलताना गडी मनातल्या मनात शिव्या देईल इतका जड. ही जोडी एकदा सुरू झाली की हॉलमधले काचेचे पेले टेबलावरून चालत काठापर्यंत जायचे आणि एकामागून एक उड्या टाकायचे. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांची कवळी निसटून सरबतात पडली आणि आजोबा म्हणाले, वाजवा, वाजवा, बऱ्याच वर्षांनी हाडं हलली. ऐकणारे यातलं निम्मं सोडून देतात. पण जे राहतं तेही काही कमी नाही.

वाजवणं चालू असताना दादा पेटीशेजारी स्टूल टाकून बसायचा, तळहात फळीवर सपाट ठेवून. गाणं त्याला फारसं कळत नसे. लाकूड काय बोलतंय ते कळायचं.

भांडण झालं ते यावरूनच. भरल्या हॉलमध्ये, गाणं ऐन रंगात असताना दादा उठला आणि त्यानं सरळ स्विच बंद केला. "स्क्रू बोलतोय. खालच्या कोपऱ्यातला."

नाचणारे पाय हवेत राहिले. घुम्यानं कान लावला, हातानं चाचपलं, काही सापडलं नाही. आयुष्यात जेवढं बोलला नव्हता तेवढं तो त्या एका दमात बोलला, तेही माईक चालू असताना. "स्क्रू पेटीत नाही दादा, तुझ्या डोक्यात ढिला झालाय!"

हॉल हसला. दादा हसला नाही.

घरी आल्यावर वाटणी झाली. आईवडिलांचं घर या भावांनी विनातक्रार वाटून घेतलं होतं, पण इथं दोघं इरेला पेटले. हेड तुझं, पेटी माझी. म्हणजे एकाकडं नुसता जोर आणि दुसऱ्याकडं नुसता गळा. दोघांनाही काही करता येईना, आणि दोघंही आपापल्या हिश्शाला जिवापाड जपायला लागले.

घुम्या एका हॉटेलात, त्यांच्याच सामानावर वाजवत राहिला. त्यावर बेस म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी घोरतंय असं वाटायचं. पुढं हॉटेलही बंद पडलं. हेड त्यानं ब्लँकेटात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. अधूनमधून सोडायचं, व्हॉल्ववरची धूळ फुंकायची, पुन्हा गुंडाळायचं. दुसरी पेटी बघ असं कुणी सुचवलं की तो म्हणायचा, "आहे ना पेटी. दादाकडं आहे." चालू मात्र कधी केलं नाही. पेटीशिवाय असलं हेड चालू केलं तर ते आपलं आपणच जळतं.

तिकडं दादानं जिद्दीनं पेटीला रेडिओ जोडला. एवढ्या भारानं बिचारा रेडिओ जळू नये म्हणून आतल्या वायरी बदलून भार हलका केला आणि मागची फळी आपल्या हातच्या सरसानं कायमची बंद केली. तो सरस असा की, त्यानं सांधलेली खुर्ची दोघांनी ओढली तर लाकूड मधून मोडायचं, सांधा नाही. रेडिओवरचा बातम्या सांगणारा त्यानंतर विहिरीतून बोलायला लागला. वहिनीनं ते दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी तिनं पेटी खाटेशी लावली आणि तिच्यावर तांब्या ठेवला.

आता त्याच पेटीवर औषधाच्या बाटल्या होत्या.

"आठवडा झाला भाऊजी," वहिनी म्हणाली, "नुसत्या थापट्या मारतायत खोक्यावर. पाणी देऊन बघितलं, औषध देऊन बघितलं. शेवटी मी अशी बोटं नाचवली हवेत, तुमच्यासारखी. तर यांचे डोळे भरून आले. डॉक्टर म्हणाले, आता काय हवं ते करू द्या."

म्हणून घुम्या हेड घेऊन आला होता, फ्यूजच्या टेम्पोतून. फ्यूज रेडिओ दुरुस्त करणारा, त्याचा शाळेपासूनचा मित्र.

"मागची फळी फोडतो," फ्यूज म्हणाला. "दोन वायरी हलवल्या की झाली चारची."

त्यानं सांध्याला पटाशी लावली. खाटेवरून एक आवाज आला, माणसाचा वाटू नये असा. दादाचा डावा हात गादीवर आपटत होता.

"नको म्हणतायत," वहिनी म्हणाली.

"पटाशी ठेव," घुम्या म्हणाला.

"अरे, लाकूडकाम आहे. परत चिकटवता येईल."

"त्याच्या तोंडाकडं बघ आणि मग फोड."

फ्यूजनं बघितलं आणि पटाशी खाली ठेवली.

"लाव वायर," घुम्या म्हणाला.

"डोकं फिरलंय? हेडला समोर भार लागतो रे. ओहम वाढले की भार उतरतो. चारच्या जागी सोळा म्हणजे उघड्याच दाराला खांदा लावून धावायचं. तोंडावर आपटणार. आतला ट्रान्सफॉर्मर गेला तर तो गुंडाळून देणारा म्हातारा कधीच वर गेलाय. मग नारळ फोडायला घे हे हेड." त्यानं हेडवरून हात फिरवला. "हळू वाजवलंस तर तग धरेल कदाचित."

"हळू वाजवून याच्या हाताला काय कळणार?"

वहिनीनं बाटल्या खिडकीत नेऊन ठेवल्या. खाट पेटीला अगदी भिडवली आणि दादाचा डावा तळहात फळीवर टेकवला. व्हॉल्व हळूहळू लाल झाले. घुम्यानं गिटार गळ्यात घातली आणि सुरुवात केली ती त्या रात्री अर्ध्यावर तुटलेल्या गाण्यापासूनच, जिथं तुटलं होतं तिथून.

पहिला स्वर जमिनीतून आला. दादाचे डोळे मोठे झाले आणि मग मिटले. घुम्यानं जोर वाढवला. खिडकीतल्या बाटल्या चालायला लागल्या. वहिनी त्या अडवायला धावली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मग तो तळहात हलला. फळीवरून सरकत, थांबत, पुन्हा सरकत तो खाली आला आणि खालच्या कोपऱ्याशी अडला. एक बोट पत्र्यावर टकटक करायला लागलं. दादानं डोळे उघडले आणि सरळ घुम्याकडं बघितलं.

घुम्याला काही ऐकू आलं नाही. तो वाजवत राहिला.

जळका वास आधी फ्यूजला आला. "बंद कर! घुम्या, बंद कर रे!"

गाण्याचे थोडेच सूर राहिले होते. घुम्यानं ते घेतले, शेवटचा सोडून. तो घेण्याआधी हेडच्या आत निळं काही चमकलं, चाबकासारखा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

हे बहिऱ्या दादालाही कळलं. त्याचा हात फळीवर फिरत राहिला, अंधारात बटण शोधावं तसा. काही सापडेना तेव्हा तो कोपऱ्याकडं परत आला. टकटक.

फ्यूज ओल्या फडक्यानं धूर झटकत होता. घुम्या दादाच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "उद्या बघतो दादा."

दादानं त्याच्या ओठांकडं बघितलं आणि मान भिंतीकडं वळवली.

पहाटे वहिनी पाणी द्यायला उठली तेव्हा त्याचा हात गार होता.

माणसं आली आणि गेली. सगळं आटोपल्यावर वहिनीनं घर झाडलं, खाट उचलून बाहेर ठेवली. पेटी तेवढी खोलीच्या मधोमध राहिली.

"न्या ती आता," ती म्हणाली. "तुमचीच आहे."

"नेऊन काय करू वहिनी? हेड गेलं."

तिनं खिडकीतल्या बाटल्या पिशवीत भरायला घेतल्या.

"दादाचा पाना-पेचकसाचा डबा कुठाय?" घुम्यानं विचारलं.

तिनं आणून दिला. तो जमिनीवर मांडी घालून बसला. खालच्या कोपऱ्याच्या पत्र्यावरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली, पहिल्या स्क्रूला पेचकस लावला आणि पिळला. फिरणार नाही अशी त्याची खात्री होती.

स्क्रू अर्धा आटा फिरला आणि बसला.

घुम्यानं तळहात फळीवर सपाट ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्यानं शेजारचा स्क्रू बघितला, त्यापुढचाही बघितला. ते घट्ट होते.