कागदावरची मावशी

दवाखान्याच्या धुलाईघरात सकाळी सहालाच वाफ कोंडते. त्या वाफेत एक बाई तेरा वर्षं चादरींच्या घड्या घालते आहे. तिला सगळे घडीताई म्हणतात.

बाहेरून येणाऱ्या बाईला मूल असेल तर कामाचा परवाना मिळत नाही, असा तिथला कायदा. पोरं असली की बायका रजा मागतात म्हणे! म्हणून येणारी प्रत्येकजण कागदावर निपुत्रिक होऊनच येते. दर रविवारी धुलाईघरातल्या साठ निपुत्रिक बायका फोनवर ‘जेवलास का रे’ विचारतात, आणि सरकारला काही ऐकू येत नाही. घडीताईने येताना आठ वर्षांची लेक बहिणीच्या नावावर केली आणि स्वतः तिची मावशी झाली.

यंदा माणसं कमी पडली. जुन्या कामगारणींनी नात्यातल्या बायका आणाव्यात, असा हुकूम निघाला. काल लेक आली.

दार लावल्यावर ती म्हणाली, “मावशी, पाणी कुठंय?”

“इथं कुणी नाहीये गं.”

“माहितीये. तोंडात तेच बसलंय.”

घडीताईला रडूही आलं नाही. तिने पेला विसळून पाणी दिलं.

आज दोघी कारकुनासमोर उभ्या होत्या. “मूलबाळ?” त्याने वर न बघता विचारलं.

“नाही,” लेक म्हणाली. तिने फाइल छातीशी घट्ट धरली होती. मागे घरी ठेवलेलं बाळ दहा महिन्यांचं होतं आणि दूध अजून आटलं नव्हतं.

“मावशीसारखीच सुटसुटीत! ताई, हमी म्हणून तुम्ही इथं सही करा.”

घडीताईने पेन उचललं आणि खाली ठेवलं. “हिला मुलगा आहे.”

“मावशी, गप्प बस ना!”

“आणि मी हिची आई आहे.”

कारकून दबक्या आवाजात म्हणाला, “शुद्धीवर आहात का? दोघींचं काम जाईल. मी काही ऐकलं नाही, जा.”

“मग लिहून देते.”

तिने लिहून दिलं. दुपारपर्यंत तिचा परवाना रद्द झाला आणि लेकीला मिळालाच नाही. बसथांब्यावर लेक एवढंच बोलली, “आता त्याला काय खायला घालू?”

उद्या त्या टेबलापुढे दुसरी कुणी उभी राहील. कारकून विचारेल, ती ‘नाही’ म्हणेल, आणि तिने घडी घातलेल्या चादरीवर आपण आपलं आजारी लेकरू निजवू.