माझ्या घरातून

हितेंद्रचा करडा मोजा माइकवर चढवला की टाचेचा विरलेला भाग नेमका तोंडासमोर येतो, आणि त्या जाळीतून माइकचं चकाकतं डोकं दिसत राहतं — फिरवून घ्यावा तर रबर सुटतं, रबर बसवलं की मोजा सरकतो… मोहिनीने तो शेवटी तसाच ठेवला. माइकवर फुंकर बसू नये म्हणून स्वच्छ धुतलेला मोजा चालतो, असं पुनमताई म्हणाल्या होत्या. मोजा नवऱ्याचा असावा की स्वतःचा, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

बाकी सगळं विचारून झालं होतं. पुनमताई पुण्याच्या, कार्टूनांना, जाहिरातींना मराठी आवाज देण्यात त्यांची उमर गेलेली, आणि आता दर रविवारी त्या फोनवरच्या एका ग्रुपमध्ये नवशिक्यांनी लिहिलेले प्रश्न घेऊन सगळ्यांसमोर बोलतात. प्रश्न दर रविवारी तेच. आवाज गोडच लागतो का? वयाची अट आहे का? मुंबईला राहायला यावं लागेल का? बोलण्यात गावाकडचा हेल येतो, तो घालवावा की जपावा? फी भरली की काम नक्की असं एक जण सांगतोय, भरू का? — यावर ताई कपाळावर हात मारून घेत आणि तो हात मारल्याचा आवाजसुद्धा कसा स्वच्छ येई. एका पठ्ठ्याने तर विचारलं होतं, रडायचा प्रसंग असला तर खरं रडायचं का, आणि खरं रडलं की नाक वाहतं, त्याचं काय करायचं. मोहिनी तेव्हा पदर तोंडात धरून हसली होती. तिने आपलाही प्रश्न लिहिला होता. लिहिला, वाचला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. असं जाहीर विचारणार कसं — की सासूबाई घरात असताना ओरडायचं कसं?

कारण आज ओरडायचं होतं. परदेशातली एक कार्टून मालिका मराठीत येणार होती, आणि तिच्यातल्या अस्वलिणीसाठी ताईंनी मोहिनीचं नाव पुढे केलं होतं. अस्वलिणीच्या गुहेत पावसापुरता आसरा मागून एक कोल्हीण शिरते आणि ठाण मांडून बसते, खाते, घोरते, वर भाजीला मीठ कमी म्हणते. अस्वलीण सोसते, सोसते, आणि एके दिवशी गरजते — ‘ऊठ! चालती हो माझ्या घरातून!’ एवढंच वाक्य नमुना म्हणून पाठवायचं होतं. काल तिने पाठवलंही होतं. सकाळी कणीक मळत असताना ताईंचा निरोप आला: ‘मोहिनी, राग झकास आहे. पण घर कुणाचं आहे तेच कळत नाही गं. तू म्हणतेस माझ्या घरातून, आणि ऐकू येतं की शेजारच्यांच्या. संध्याकाळी सहाच्या आत परत पाठव, मग मला पुढे द्यायचंय.’

घर कुणाचं आहे तेच कळत नाही. कणकेचे हात तसेच ठेवून तिने कालचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं होतं. खरंच की! ‘चालती हो’ला आवाज छान चढत होता, घाटात गाडी चढावी तसा, आणि ‘माझ्या’पाशी आला की चोरासारखा खाली बसत होता. ‘घरातून’ तर नुसतं पुटपुटणं. तिला हसू आलं, आणि मग हसू येऊन झाल्यावर थोडं वाईटही वाटलं.

आता दुपार झाली होती. धुळ्यातला एप्रिल, देवपुरातलं हे गल्लीतलं घर, आणि पंखा बंद — कारण पंखा चालू ठेवला की अस्वलिणीच्या गुहेत पंखा ऐकू येतो. आतल्या खोलीत दोरीवर तिने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या टाकल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, मोजा घातलेल्या माइकसमोर, ती घामाने निथळत उभी होती. हितेंद्र नरडाण्याला कारखान्यात. तो संध्याकाळी यायचा. इंदिराबाई, तिच्या सासूबाई, बाहेरच्या खोलीत सकाळी वाळवलेल्या बिबड्या डब्यात रचत बसल्या होत्या. ज्वारीच्या त्या पातळ पापड्या डब्यात ठेवताना होणारा कुरकुर आवाज गोधड्यांतूनही येत होता… म्हणजे आतलाही आवाज बाहेर जाणार. जाणारच. जो आवाज येऊ शकतो तो जाऊही शकतो.

“पंखा कसाले बंद कया व? मरशी गरमीम्हा,” मघाशी इंदिराबाईंनी विचारलं होतं.

“शाळेचं काम आहे, आई. रेकॉर्डिंग.”

हे अगदीच खोटं नव्हतं. बालवाडीत ती गोष्टी सांगते तेव्हा वाघाचा, सशाचा, विहिरीचा — हो, विहिरीचाही — आवाज काढते, आणि पोरं डबा खायचं विसरतात. त्यातूनच तर हे सगळं सुरू झालं. पण अस्वलिणीचं सांगायचं तिने टाळलं. सांगितलं असतं तर त्या काही रागावल्या नसत्या. इंदिराबाई रागावत नाहीत, हीच तर अडचण. रागावणारी सासू असती तर अस्वलीण आपोआप आली असती! लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या एकदाच म्हणाल्या होत्या, आणि तेही हसत — ‘हयू बोल व माय, भिती पातय्या शेतस.’ हळू बोल, भिंती पातळ आहेत. बस. एवढंच. आणि हिने आवाज जो खाली ठेवला तो ठेवलाच, पाहुण्याने चपला दाराबाहेर ठेवाव्यात तसा, आणि मग इतकी वर्षं तो आत आणायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. ना त्यांच्या, ना माझ्या.

मी काय मुळात हळू बोलणारी होते? जामनेरकडच्या आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, झोके बांधले जायचे, सासरी गेलेल्या लेकी माहेरी यायच्या, आणि संध्याकाळी नाल्याच्या अलीकडे आमच्या आळीच्या पोरी, पलीकडे खालच्या आळीच्या, अशी भांडणं लागायची की विचारू नका. खोटी भांडणं, पण शिव्या खऱ्या. त्या दिवशी त्या द्यायच्याच असतात; एरवी तोंडातून ब्र काढू न देणारी आईसुद्धा मागे उभी राहून हळूच एखादी नवी पुरवायची. आणि सगळ्यांत पुढे कोण? मोहिनी! माझा आवाज नाला ओलांडून, खालच्या आळीतून, पार मळ्यापर्यंत जायचा म्हणे. ‘ही पोरगी सासरचं घर डोक्यावर घेईल,’ असं आळीतल्या शेवंताबाई म्हणायच्या. घर डोक्यावर घेणं राहिलं बाजूला, तोंडातसुद्धा येईना आता.

‘ऊठ! चालती हो माझ्या…’ — गेला. बसला आवाज. पुन्हा. ‘चालती हो मा—’ पुन्हा. एका वेळी तर तिने डोळे मिटून, मुठी आवळून, अगदी पोटापासून सुरुवात केली आणि ‘माझ्या’ येताच नकळत दाराकडे पाहिलं. मान वळली तशी तोंड माइकपासून सरकलं आणि अस्वलीण गुहेतून निघून कुठेतरी नरडाण्याकडे गेल्यासारखी वाटली.

कुणाचं घर, हे ठरवून टाकलं म्हणजे जमेल, असं तिला वाटलं, आणि गोधड्यांच्या आत उभ्या उभ्या ती ठरवू लागली. माहेरचं घर? ते भूषणचं, भावाचं. तिथे गेलं की वहिनी ‘बसा ना ताई’ म्हणते, आणि बसा म्हटलं की संपलंच. बसा पाहुण्यांना म्हणतात. हे घर? वीजबिल अजून सासऱ्यांच्या, शालिग्राम आबांच्या नावावर येतं, आबा जाऊन इतका काळ लोटला तरी. दारावरच्या पाटीवर हितेंद्र. भिंतींचा रंग इंदिराबाईंच्या पसंतीचा — पिस्त्यासारखा. माझ्या नावावर काय? गॅस. हो की, गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर आहे! कधीतरी बायकांच्याच नावाने मिळत होतं म्हणून घेतलेलं. तिला एकदम तो सिलिंडरवाला आठवला, अभिमन, जो घर क्रमांक कधी वाचत नाही, गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करतो आणि बेंबीच्या देठापासून ओरडतो, ‘मोहिनीबाईऽऽ! मोहिनीबाईंचं घर कोणतं?’ — आणि मग ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, भाजी निवडणाऱ्या बायका, झाडून सगळी गल्ली हात करून दाखवते, ‘ते काय! ते मोहिनीचं घर!’ कुणी शंका काढत नाही. कुणी वीजबिल मागत नाही. तेवढ्यापुरतं धुळे शहरात ते मोहिनीचंच घर असतं, पिस्ता रंगासकट…

“ऊठ! चालती हो माझ्या घरातून!”

निघाला. अख्खा निघाला! ‘माझ्या’वर तर असा उभा राहिला की दोरीवरची गोधडी हलली, किंवा हलल्यासारखी वाटली, आणि ‘घरातून’ पार नाल्यापलीकडे गेला. अंगातून गार काहीतरी सरकलं. इतका आनंद की आता हसावं की रडावं — नाक वाहिलं तर काय करायचं, हा प्रश्न तिला आत्ता कळला. आणि त्याच क्षणी पुढचं दार धाडधाड वाजलं.

बिबड्यांची कुरकुर थांबली होती. कधी थांबली? त्यांनी ऐकलं. बाहेरच्या खोलीत त्या एकट्या, आत मी एकटी, आणि मी म्हणतेय चालती हो माझ्या घरातून! ज्यांच्या हाताने या घराचं जोतं सारवलं गेलं त्या बाईला… अगं बाई, काय करून बसले मी!

दार उघडल्याचा आवाज आला. समोरच्या भिकुबाई. त्यांचा आवाज घाईने आला आणि उत्सुकतेने थरथरत होता.

“काय झायं व अक्का? कोनले हाकली ऱ्हायनी तुमनी सून?”

बाहेर जावं, सांगावं, अस्वल म्हणावं, कार्टून म्हणावं, काहीही म्हणावं. पण पाय गोधडीत अडकल्यासारखे.

“तिनं घर शे, ती वरडी,” इंदिराबाई म्हणाल्या. शांतपणे, भाव विचारल्यावर भाव सांगावा तशा. “तुले काय करनं शे? तुन्या बिबड्या सुकन्यात का?”

भिकुबाईंच्या बिबड्या सुकल्या होत्या की नाही ते कळलं नाही. दार लागलं.

तिचं घर आहे, ती ओरडेल. मोहिनी जागच्या जागी उभी होती आणि तिला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर हे — की किती छान म्हणाल्या! कुठे जोर नाही, कुठे ओढाताण नाही, ‘तिनं’वर फक्त एक बोट ठेवल्यासारखं. ताईंनी ऐकायला हवं होतं. आणि मग लगेच दुसरं: त्या हे खरं म्हणाल्या, की भिकुबाईला वाटेला लावायला म्हणाल्या? घराची अब्रू झाकायला शेजारणीपुढे माणूस काहीही बोलतं. आणि खरं असेल तर… आणि सुनेने आपल्यालाच हाकललं असं वाटूनही त्या तसं म्हणाल्या असतील तर?

ती गोधडी बाजूला सारून बाहेर आली. इंदिराबाई पुन्हा डब्यापाशी बसल्या होत्या, मान खाली.

“आई, ते तुम्हाला नव्हतं हो. ते… अस्वल आहे.”

इंदिराबाईंनी वर पाहिलं.

“अस्वलीण. कार्टूनमधली. तिच्या घरात कोल्हीण येऊन राहिलीय. तिला हाकलायचं म्हणून मी… मी तिचा आवाज काढते. ते काम मिळालं तर टीव्हीवर येईल.”

“आन कोल्हीन जाये नही?”

“नाही ना.”

इंदिराबाईंनी विचार केला. खरोखर केला; कपाळावर आठी घालून, दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखा. मग एक बिबडी उचलून डब्यात ठेवत म्हणाल्या, “मंग बराबर शे. जोरमा बोल.”

मोहिनीच्या ओठांवर तो प्रश्न आला होता — भिकुबाईंना तुम्ही म्हणालात, ते… — पण त्यांचे हात कामाला लागले होते, आणि प्रश्न लिहायचा आणि पुसायचा तिला सराव होता. शिवाय पुसताना या वेळी वाईट वाटलं नाही. खरं असो की शेजारणीसाठी असो, वाक्य या घरात उच्चारलं गेलं होतं. या पातळ भिंतींच्या आत ते आता होतं. कुणी मागे घेतलं नव्हतं.

ती परत गोधड्यांत शिरली. मघाचं रेकॉर्डिंग वाया गेलं होतं. ‘घरातून’च्या शेवटाला चिकटूनच भिकुबाईंची धाडधाड आली होती, जणू कोल्हीणच दार वाजवतेय. सहाला अजून अवकाश होता. तिने घाम पुसला, मोजा सारखा केला, श्वास घेतला. ‘माझ्या घरातून’ — आधी नुसतं हेच म्हणून पाहिलं. आलं. सहज आलं, पोटातून, न चढता न बसता, कुणी पत्ता विचारला आणि सांगितला तसं. पुन्हा म्हटलं. पुन्हा आलं. वा रे वा! मग तिने पूर्ण वाक्य घेतलं — ‘ऊठ! चालती हो…’ आणि चालती हो हसत बाहेर पडलं. परत घेतलं. परत हसू. आता रागच येईना. काल एवढा झकास राग होता, ताईंनी शाबासकी दिलेला, सकाळपर्यंत तर हाताशी होता… कुठे ठेवला? रविवारी कुणीतरी विचारलं होतं, राग आणायचा कसा. ताईंनी पाऊण तास समजावलं होतं. आलेला राग असा निघून गेला तर काय करायचं, हे कुणालाच विचारायचं सुचलं नव्हतं.

बाहेर बिबड्या कुरकुरत होत्या. घड्याळ पुढे सरकत होतं. माइकसमोर उभं राहून ती डोळे मिटून कोल्हिणीला आणू लागली — ती आली, गुहेत शिरली, कोपऱ्यात अंग चोरून बसली, भाजीला मीठ कमी आहे म्हणाली — आणि मोहिनीच्या मनात राग यायच्या जागी भलतंच येऊ लागलं: बसू दे की बिचारीला, पाऊस संपेपर्यंत. कुठे जाईल? माझंच तर घर आहे.